वरच्या बंडलातली सळई

सळई तुटली तेव्हा मी वांग्याची भाजी चाखत होते.

सकाळचे साडेआठ वाजले होते. जागा वलगावच्या पुढची, पुंडलिकभाऊंच्या मळ्यातली साइट. त्या दिवशी स्लॅब टाकायचा होता, आणि आमच्याकडे स्लॅब टाकणं म्हणजे अर्धं बांधकाम आणि अर्धं लग्न. मिक्सरची गँग आली होती. नारळ तयार होता. पलीकडे गोवऱ्यांच्या आरात रोडगे पुरले होते. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे. ते निखाऱ्यात भाजायचे, फोडून त्यात तूप ओतायचं आणि वांग्याच्या भाजीबरोबर हाणायचे. गावाला आमंत्रण होतं. आचाऱ्याने मला ‘म्याडम, मीठ पाहा’ म्हणून वाटी दिली होती. मी अमरावतीत तीस वर्षं स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, पण साइटवर माझं मत सगळ्यात आधी मिठाबद्दल विचारतात.

तेवढ्यात मागून ‘कट्’ असा आवाज आला.

आवाज सलीमभाईंच्या सळया वाकवायच्या पाट्यावरून आला होता. सलीमभाई म्हणजे अकोल्याचे फिटर. सळया कापायच्या, वाकवायच्या आणि स्लॅबची जाळी बांधायची हे त्यांचं काम. जिन्याजवळ चार सळया जास्तीच्या टाका असं मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. त्यांचे हूक ते वाकवत होते. हातात सळईचे दोन तुकडे घेऊन ते माझ्यासमोर आले.

“म्याडम, ये देखो. अर्धी वाकली अन् गेली. सळई नहीं, पापड है ये.”

मी वाटी खाली ठेवली. भाजी फार चांगली झाली होती, म्हणून हे मुद्दाम सांगते.

“दुसरी वाकवा.”

दुसरीही तुटली. तिसरी वाकली, छान वाकली. चौथी पुन्हा तुटली. तुटलेल्या जागी बारीक साखरेसारखे कण चमकत होते. चांगली सळई अशी मोडतच नाही.

“ही कुठल्या बंडलातली?” मी विचारलं.

“नीचेवाले बंडल की. ऊपर का बहुतेक माल तो जाळी में गया.”

“म्हणजे खालच्या बंडलातलं जाळीत काहीच गेलं नाही?”

सलीमभाईंनी डोकं खाजवलं. “गया ना म्याडम. आधा तो गया होगा. सीधी सळई थी, वाकवनेका काम नहीं पडा.”

मी मिक्सरवाल्याला हात केला आणि ओरडले, “बंद कर! एक घमेलंसुद्धा वर जायला नको!”

हे ऐकून पुंडलिकभाऊ नारळ हातात घेऊनच धावत आले. नवा पांढरा शर्ट, कपाळाला टिळा. पुंडलिकभाऊ आणि त्यांच्या मालकीण इंदूबाई भाजीपाला, फुलं आणि संत्री पिकवतात आणि अमरावतीच्या बाजारात स्वतः विकतात. दोघांनी मिळून हे गोडाऊन काढलं होतं. खाली पंधरा-वीस बाया बसून भाजी निवडणार, वर कांद्याची पोती आणि संत्र्याच्या पेट्यांची थप्पी लागणार. आतापर्यंत त्या बाया उन्हात ताडपत्रीखाली बसायच्या. त्यांच्यात इंदूबाई स्वतः असायच्या.

“काहून थांबलं म्याडम?”

“सळई तुटली.”

“मंग दुसरी घ्या ना.”

“दुसरीही तुटली.”

“कशी तुटली? कट्कन?”

“हो, कट्कन.”

भाऊंचा चेहरा एकदम खुलला. “मंग त चांगलंच हाये! भेंडी कट्कन मोडली म्हंजे कवळी असते. जून भेंडी वाकते, मोडत नाई. चाळीस वर्षं झाले मले भाजीच्या धंद्यात. ताजा माल हाये म्याडम, टाका तुमी स्लॅब!”

मला हसावं की रडावं कळेना.

“पुंडलिकभाऊ, लोखंडाचं भेंडीच्या उलटं असतं. वाकेल ते चांगलं, मोडेल ते वाईट. शिवाय भेंडी तुमच्या पोटात जाते. हे तुमच्या डोक्यावर राहणार आहे.”

वाचकांसाठी थोडं समजावून सांगते. काँक्रीट दाबाला पक्कं असतं, पण ताणाला कच्चं. स्लॅबवर वजन आलं की त्याचं पोट ताणलं जातं, म्हणून तिथे सळई घालतात. चांगली सळई जास्त वजन आलं तर आधी लांबते. स्लॅब खाली झुकतो, भेगा पडतात, बाया ओरडतात, सगळे बाहेर पळतात. म्हणजे ती माणसाला पळायला वेळ देते. ठिसूळ सळई तसं काही करत नाही. ती आज ठीक असते आणि उद्या नसते. त्या गोडाऊनखाली बसणाऱ्या बाया मी नावानिशी ओळखत होते, आणि मला भीती वाटली. खरीखुरी भीती वाटली.

“अन् रोडगे?” भाऊंनी विचारलं.

“रोडगे होऊ द्या. स्लॅब होणार नाही.”

“स्लॅब नाई त रोडगे कायचे? लोकं इचारतीन त काय सांगू? लोखंड मोडलं म्हणून जेवा?”

मग जे बोलायला नको होतं ते बोलले. “खरं सांगा म्याडम. आमी इथल्या दुकानातून लोखंड घेतलं नाई, डायरेक बाहेरदेशातलं आनलं, म्हणून त तुमाले खुपून नाई राह्यलं ना?”

माझं डोकंच सणकलं. मी हेल्मेट काढून टेबलावर आपटलं. टेबलावर ठेच्याचं पातेलं होतं, हे माझ्या लक्षात नव्हतं. हेल्मेटच्या पट्ट्याला तो ठेचा लागला आणि पुढचा आठवडाभर माझ्या हनुवटीची आग आग होत होती.

स्लॅब झाला नाही. जेवणं झाली. गाव जेवलं, मिक्सरची गँग जेवली, न झालेल्या स्लॅबबद्दल सगळ्यांनी आपापलं मत दिलं. मलाही पान वाढलं. रोडगा आला, भाजी आली, वरण आलं. तुपाची वाटी घेऊन भाऊ स्वतः फिरत होते. माझ्या शेजारच्या मिक्सरवाल्याच्या रोडग्यावर त्यांनी धार धरली, मग माझ्याकडे पाहिलं आणि सरळ पुढे गेले. वऱ्हाडात कोणी तुम्हाला कोरडा रोडगा खायला लावला तर त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मी तो तसाच खाल्ला.

आता मूळ भानगड सांगते. हे लोखंड आणलं होतं भाऊंचे साडभाऊ, म्हणजे इंदूबाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान विलासराव यांनी. त्यांचं अकोल्याला हार्डवेअरचं दुकान. बंदरावर परदेशी सळयांचा मोठा लॉट उतरला, त्यातला काही त्यांनी उचलला. घरच्याच माणसाकडून बाहेरदेशातला माल, मग काय विचारता! ट्रक आला त्या दिवशी सळयांना हळद-कुंकू वाहिलं. दर्यापूरपर्यंतचे पाहुणे लोखंड बघून गेले. लोखंडात काय बघायचं असतं हे मलाही अजून कळलेलं नाही, पण लोक येऊन हात लावून जायचे आणि ‘वजनदार हाये’ म्हणायचे.

मी भाऊंकडे टेस्ट सर्टिफिकेट मागितलं. प्रत्येक लॉटबरोबर कारखाना एक कागद देतो, त्यात सळईची ताकद वगैरे लिहिलेली असते. भाऊ मला साइटच्या टिनाच्या खोलीत घेऊन गेले. तिथे बालाजीच्या फोटोशेजारी सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं होतं. खाली अगरबत्ती लावलेली. अर्धा कागद कुठल्याशा परक्या लिपीत, अर्धा इंग्रजीत, आणि चारही कोपऱ्यांना नि मधोमध कुंकवाची बोटं.

मी ग्रेड वाचली. आकडे उत्तम होते. आपल्याकडच्या आयएसआय ठशाच्या सर्टिफिकेटचं काय, परदेशी मालालाही ते लागतं, असं विलासरावांना फोनवर विचारलं. “मागून येऊन राह्यलं म्याडम,” ते म्हणाले. ते मागून कधी आलंच नाही. मी तिथेच अडून बसायला हवं होतं. मी म्हटलं, जाऊ द्या, लॅबमध्ये तपासून घेऊ.

आणि इथे माझी चूक झाली. सरळ सांगते, लपवत नाही. भर उन्हात, दुपारी एक वाजता, मी नमुना घ्यायला गेले. सळयांच्या बंडलांचा ढीग माझ्या कमरेइतका उंच. सलीमभाईंनी विचारलं, “नीचे का भी निकालू क्या म्याडम?” खालचं काढायचं तर वरची बंडलं सरकवायची, चार माणसं बोलवायची. मी छत्री धरून उभी होते, पायांना चटके बसत होते. मी म्हटलं, “राहू द्या हो. सगळं एकच तर आहे.”

वरच्या दोन बंडलांतून तीन तुकडे कापले. अकोल्याच्या लॅबचा रिपोर्ट आला, पास. मी सही केली. सगळं एकच तर आहे! हे वाक्य आठवलं की मला अजूनही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तर, कोरडा रोडगा खाऊन झाल्यावर मी हात धुतले आणि टिनाच्या खोलीत गेले. मला हीट नंबर हवा होता. लोखंड भट्टीत एका वेळी जेवढं वितळतं त्याला एक नंबर देतात. भज्यांचा घाणा असतो ना, तसाच. पहिला घाणा कुरकुरीत निघाला म्हणून चौथा करपणार नाही असं नाही. सर्टिफिकेट हे एका घाण्याचं असतं, कारखान्याच्या सगळ्या भज्यांचं नसतं.

मी फ्रेम काढली. हीट नंबरवर नेमकं कुंकवाचं बोट होतं.

“भाऊ, हे पुसावं लागेल.”

“पूजेचं हाये थे!”

इंदूबाई दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या, काच काढली, पदराचं टोक ओलं केलं आणि कुंकू पुसलं. “देवाले समजते,” म्हणाल्या. “वाचा म्याडम.”

मी नंबर लिहून घेतला. “आता बंडलांचे टॅग दाखवा.”

प्रत्येक बंडलाला तारेने एक छोटा चकचकीत पत्रा बांधलेला असतो. त्यावर हाच हीट नंबर ठोकलेला असतो. कागद आणि माल एकमेकांचे आहेत की नाहीत हे फक्त त्या टॅगवरून कळतं. मी बंडलांजवळ गेले. एकाही बंडलाला टॅग नव्हता. तारा होत्या, टॅग गायब.

“टॅग कुठे गेले?”

भाऊंनी सलीमभाईंकडे पाहिलं. सलीमभाईंनी मिक्सरवाल्याकडे पाहिलं. मिक्सरवाला नुकताच आला होता, त्याने आकाशाकडे पाहिलं.

“थे चमकणारे पत्रे?” इंदूबाई हळूच म्हणाल्या. “थे मी नेले.”

“कुठे?”

“मिरचीत. राघू लय तरास देऊन राह्यले होते. वारा आला का पत्रे चमकते, वाजते बी. तवापासून एक राघू नाई आला पाहा.”

अशा रीतीने त्या दुपारी मी, पुंडलिकभाऊ, सलीमभाई आणि इंदूबाई असे चौघे मिरचीच्या प्लॉटात शिरलो. सरीवर काठ्या रोवून त्यावर सुतळी ताणली होती आणि सुतळीला टॅग लोंबकळत होते. परदेशातून बोट करून, ट्रक करून आलेली ती सगळी माहिती वलगावच्या राघूंना हाकलत होती. राघूंचं इंग्रजी बहुधा माझ्यापेक्षा चांगलं होतं. त्यांनी ते टॅग पाहिले आणि माल सोडला.

मी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. वाऱ्याने टॅग गरागरा फिरायचा. इंदूबाई तो धरायच्या, मी आकडे वाचायची आणि भाऊ वहीत लिहायचे.

पहिला टॅग, सर्टिफिकेटचाच नंबर. भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की बघा! दुसरा तोच. तिसरा तोच. चौथा तोच. भाऊंनी टोपी सारखी केली. “म्याडम, आता तुमीच सांगा, तूप—”

पाचव्यावर दुसराच नंबर निघाला.

सहाव्यावर तिसराच. सातवा, आठवा तसाच. नवव्यावर कारखान्याचं नावच वेगळं होतं. दहाव्यावर नंबरच नव्हता. अकरावा टॅग एका मिरचीच्या झाडामागे पडला होता. तो वाचून मी तसाच भाऊंच्या हातात दिला. त्यावर सळईची जाडी लिहिली होती, आणि ती आमच्याकडे आलेल्या कुठल्याच सळईची नव्हती.

भाऊ वही धरून सरीतच बसले.

“म्हंजे कागद चार बंडलांचा,” ते म्हणाले, “अन् पूजा अकराची झाली.”

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रत्येक बंडलातून एकेक तुकडा कापला. या वेळी खालची बंडलं बाहेर ओढायला चार माणसं बोलावली. मी छत्री नेलीच नाही. तुकड्यांना चुन्याने नंबर टाकले, भाजीच्या पिकअपमध्ये दुधी भोपळ्यांच्या शेजारी ठेवले आणि आम्ही अकोल्याला निघालो. भाऊ हट्टाने बरोबर आले. “मले डोळ्यानं पाह्यचं हाये,” म्हणाले.

लॅबमधलं मशीन सळईला दोन्ही टोकांना धरतं आणि ओढतं. चांगली सळई हळूहळू लांबते, मध्ये बारीक होते आणि मग धाडकन तुटते. आवाज बंदुकीसारखा येतो. पहिला तुकडा तुटला तेव्हा भाऊ लॅबच्या टेबलाखाली होते.

“बाहेर या भाऊ, ही पास झाली,” लॅबचे साहेब म्हणाले. ते पंचविशी ओलांडलेले, नुकतेच इंजिनिअर झालेले, अतिशय शांत गृहस्थ होते.

पहिल्या चार सळया अशाच तुटल्या, आधी लांबून. पाचवी लांबलीच नाही. काटा वर गेला, थरथरला आणि नुसतं ‘टक्’ झालं. भाऊ या वेळी टेबलाखाली गेले नव्हते. ते मशीनकडे टक लावून बघत राहिले. सहावी तशीच गेली. सातवी काठावर वाचली. पुढच्या चारातल्या तीन गेल्या.

लॅबचे साहेब जुना रिपोर्ट काढून उभे राहिले. “म्याडम, मागच्या वेळी तर सगळं पास होतं. तो नमुना कुठून घेतला होता?”

“वरून,” मी म्हटलं.

“वरून?” भाऊ म्हणाले.

“हो. वरच्या दोन बंडलांतून. खालचं काढायचा कंटाळा केला. सही माझी आहे भाऊ. चूक माझी आहे.”

आता हे ओरडतील, असं मला वाटलं. ओरडले असते तरी मी ऐकून घेतलं असतं. पण भाऊ स्टुलावर बसले, टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि एकदम कपाळावर हात मारला.

“बाप्पा बाप्पा! आबाबाबाबा!”

“काय झालं?” साहेब घाबरले.

“चाळीस वर्षं, साहेब! चाळीस वर्षं मी पेटी भरून राह्यलो. वर मोठी संत्री, खाली बारकी. घेणारा वरून पाह्यते, आमी वरूनच दाखवतो. कोनी पेटी इकाले आनली त मी आधी तिच्या बुडाशी हात घालतो. सख्ख्या भावाच्या पेटीत घालतो! अन् लोखंड आलं त काय केलं? कुंकू लावलं! वरच्यावर! माह्याच धंद्यानं मले गंडवलं!”

परतीच्या वाटेवर पिकअपमध्ये आमचं चूक कोणाची यावरून भांडण झालं. मी म्हणत होते माझी, ते म्हणत होते त्यांची.

“तुमी शिकलेल्या हात म्याडम, तुमाले काय समजते पेटीतलं? चूक माही मोठी.”

“नाही भाऊ, नमुना कुठून घ्यायचा हे मला कॉलेजात शिकवलंय. चूक माझीच मोठी.”

बोरगावपर्यंत काही निकाल लागला नाही. पुढे चहा प्यायला थांबलो तेव्हा अर्धी-अर्धी वाटून घेतली.

विलासरावांना फोन लावला, स्पीकरवर.

“म्याडम, सर्टिफिकेट त हाये ना!”

“सर्टिफिकेट चार बंडलांचं आहे. बाकी सात कोणाची?”

“मले बंदरावरून जसं आलं तसं मी देल्लं. मी काय खालपर्यंत हात घालून पाह्यलं थोडी?”

“तुमीबी नाई पाह्यलं?” भाऊ जवळजवळ आनंदाने ओरडले. तिसरा भागीदार सापडला होता.

“पाहा पुंडलिकभाऊ, जेवढं वापरलं तेवढं—” विलासराव सुरू झाले. माल परत घ्यायची त्यांची तयारी दिसेना. चांगल्या-वाईटाची सरासरी काढा, जाळीत थोडी सळई जास्त टाका, असं काहीबाही बोलू लागले. ठिसूळ सळई जास्त टाकली तर फक्त ठिसूळपणा जास्त होतो, हे मी त्यांना तीनदा समजावलं. चौथ्यांदा मी चिडले आणि फोन भाऊंनी काढून घेतला. मग भाऊ चिडले.

घरी पोचलो तेव्हा इंदूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. हात पुसले आणि स्वतःचा फोन काढला. लावला तो विलासरावांना नाही, बहिणीला.

“ताई, झोपली होती का? नाई, काई नाई झालं. एक इचारतो. तू संत्र्याच्या सीझनले येतं तवा कुठी बसतं? आमच्या गोडाऊनातच ना, माह्या बाजूले? हाव. तर भाऊजीनं धाडलेलं लोखंड तुह्या अन् माह्या डोक्यावर येणार हाये. म्याडम म्हनते का थे मोडते. हाव, सांगत नाई अन् मोडते. तू बस भाऊजीसंग बोलून, मी ठेवतो.”

दोन मिनिटांचा फोन. तिसऱ्या दिवशी विलासरावांचा ट्रक रिकामा येऊन साइटवर उभा राहिला. त्यांनी पुढे बंदरवाल्याशी काय भांडण केलं ते मला ठाऊक नाही. पण ते भांडायला टॅग घेऊन गेले, म्हणजे वाचायला शिकले असावेत.

सलीमभाईंनी जाळी सोडायला बांधण्यापेक्षा जास्त दिवस लावले. कुठली सळई कुठल्या बंडलातली हे आता कोणालाच सांगता येत नव्हतं, म्हणून सगळीच काढावी लागली. एकेक गाठ सोडताना ते माझ्याकडे बघून उसासा टाकायचे. “हमने पूछा था म्याडम,” असं ते एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

नवं लोखंड आलं तेव्हा पुंडलिकभाऊ स्वतः ट्रकवर चढले. या वेळचं लोखंड इथलं की बाहेरचं, हे मी मुद्दाम सांगत नाही. बाहेरचं सगळं वाईट आणि आपलं सगळं चांगलं असं माझं म्हणणं नाहीच. दोन्हीकडचे दोन्ही प्रकार मी वाकवून पाहिलेत. भाऊंनी चष्मा लावून प्रत्येक टॅग वाचला, ठसा पाहिला आणि सगळ्यात खालचं बंडल आधी उतरवलं. ट्रकवाला वैतागला. इंदूबाई टॅगांकडे आशेने बघत होत्या, पण भाऊंनी त्यांना हात लावू दिला नाही. राघू परत आले होते. शेवटी भाऊंनी बाजारातून चमकी पट्टी आणून दिली, तरी इंदूबाईंचं म्हणणं असं की परदेशी पत्र्याची सर तिला नाही.

स्लॅब झाला. रोडगे पुन्हा झाले, गाव पुन्हा जेवलं. माझ्या पानाशी भाऊ तुपाची वाटी घेऊन आले आणि ओततच राहिले. मी दोन्ही हातांनी पान झाकलं तर हातांवर ओतलं. टिनाच्या खोलीत बालाजीशेजारी आता लॅबचा रिपोर्ट फ्रेम करून लावला होता. कुंकू होतंच, पण आकड्यांपासून चार बोटं लांब.

दिवाळीनंतर मी सहज तिकडे गेले होते. गोडाऊनात बाया भेंडी निवडत बसल्या होत्या. इंदूबाई होत्या, त्यांची ताईसुद्धा होती. वरच्या मजल्यावर पेट्यांची थप्पी छताला टेकलेली. मी सवयीने स्लॅबच्या पोटाकडे पाहिलं. एक भेग नव्हती. मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच त्यांच्यात बसून तासभर भेंडी मोडली.

त्याच आठवड्यात भाऊंनी माझ्या घरी संत्र्याची पेटी पाठवली. मी पेटी उघडली. वर मोठी, केशरी, सुंदर संत्री. मी मनात म्हटलं, भाऊ, आता मी शहाणी झाले. पेटी उचलली आणि वर्तमानपत्रावर सरळ उलटी करून बुडाची फळी काढली. खालची रासही तशीच, मोठी आणि केशरी! मला फार समाधान वाटलं. माणूस सुधारला. मी खालची खाल्ली, वरची शेजारी वाटली.

चौथ्या दिवशी मधल्या राशीला हात लागला. लिंबाएवढी, हिरवट, टणक.

मी फोन लावला. “पुंडलिकभाऊ, मधली?”

पलीकडून इतक्या जोरात हसायचा आवाज आला की फोन कानापासून लांब धरावा लागला. मागे इंदूबाई आणि बाया हसत होत्या, म्हणजे सगळं गोडाऊनच या कटात होतं.

“मले वाटलंच होतं, म्याडम!” भाऊ म्हणाले. “आता तुमी बुडाले हात घालान. पन मधात नाई घालनार!”

त्यानंतर मी नमुन्याचा नवा फॉर्म छापून घेतला. त्यात तीन रकाने आहेत. वरचा, खालचा आणि मधला. सलीमभाईंनी तो पाहिला आणि विचारलं, “म्याडम, ये मधला वाला कौनसे कोड की किताब में लिखा है?”

मी त्यांना एक हिरवं संत्रं दिलं.